चपला धरायला कोण?

मागच्या महिन्यात एका दुपारी भाचा जेवायला आला. जेवण झालं, वर दोन वाट्या मठ्ठा झाला, आणि स्वारी सोफ्यावर आडवी होऊन मोबाइलवर कुणाशी तरी हमरीतुमरीवर आली. मला वाटलं ऑफिसचं काही असेल. डोकावून पाहिलं तर भांडण रोलर कोस्टरवरून. लाकडी भारी की लोखंडी. यात एवढं टाइप करण्यासारखं काय आहे, असं विचारलं मात्र, तो उठूनच बसला.

ही जमातच वेगळी. आपल्याकडे लोक गड मोजतात तसे हे कोस्टर मोजतात. ज्यात बसून झालं तो खात्यावर जमा, त्याला म्हणायचं ‘क्रेडिट’. भाचा बत्तीस वर्षांचा, एका मुलीचा बाप. आपलं क्रेडिट किती ते तो मुलीच्या जन्मतारखेपेक्षा चटकन सांगतो.

“पूर्वीची मजा राहिली नाही, मावशी,” तो म्हणाला. आता म्हणे डोळ्यांवर खोका चढवतात आणि त्यात ड्रॅगन दाखवतात. समोर खरंखुरं आभाळ असताना! आणि रांग चुकवायची तर वेगळे पैसे. डिस्नेच्या पार्कांत १९९९ पासून रांग टाळायची सोय फुकट होती, २०२१ मध्ये तिच्या जागी पैसे मोजायची आली. हे त्याने ज्या सुरात सांगितलं त्या सुरात आमच्याकडे कूळकायद्यात गेलेल्या जमिनीबद्दल बोलतात. मग त्याने मला कोपनहेगनच्या तिवोली बागेचा फोटो दाखवला. बाग १८४३ ची. तिथल्या १९१४ च्या लाकडी कोस्टरवर अजून एक माणूस गाडीतच बसतो आणि हाताने ब्रेक लावतो. माणूस! भाच्याच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं.

“मग तुझं ते पूर्वीचं म्हणजे कुठलं रे? कोपनहेगनला तर तू गेलेला नाहीस.”

“एसेलवर्ल्ड,” तो म्हणाला. इतका गंभीरपणे की मला हसू आवरेना.

एसेलवर्ल्ड निघालं १९८९ मध्ये. तेव्हा मी कॉलेजात. टीव्हीवर जाहिरात लागली की आमचे वडील हातातलं वर्तमानपत्र खाली घेऊन म्हणायचे, “पाळण्यात बसायला होडीनं जायचं? काय खुळे लोक आहेत!” आमच्या लेखी तो मुंबईकरांचा श्रीमंती चाळा, निव्वळ पैसे उकळायचा धंदा. आणि हा, बोरिवलीत वाढलेला मुलगा, मला सांगत होता की खाडीतल्या चिखलाचा वास, लाँचच्या इंजिनाची घरघर, आईच्या पिशवीतल्या पुऱ्या आणि झिपर डिपर कोस्टरच्या चढावरची ती कटकट, यात जो जीव होता तो आता कुठेच नाही. २०२२ मध्ये ते बंद झालं तेव्हा तो दोन दिवस नीट जेवला नव्हता म्हणे. त्याच्या आईला विचारून खात्री करायला हवी.

मी काही बोलले नाही. कारण मला आमचा गड्डा आठवला होता, आणि तो आठवला की मी भाच्याहून वेडी होते.

सोलापूरकराला गड्डा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांना सांगून कळत नाही. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची यात्रा. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, सात नंदीध्वज, संमती कट्ट्यावर अक्षता. हे सगळं देवाचं. त्याच्या शेजारी होम मैदानावर जे पसरतं ते आमचं. कोलंबस, टोराटोरा हे शब्द मी भूगोलाच्या पुस्तकाआधी तिथे वाचले. कोलंबस हे माणसाचं नाव आहे हे पाचवीत कळलं तेव्हा जरा निराशाच झाली. मौत का कुआँत मोटरसायकल वर चढली की फळ्या अशा हादरायच्या की आपणच कड धरून ठेवलीय म्हणून विहीर उभी आहे असं वाटे. आत फिरणारा गडी हात सोडून लोकांच्या हातातली नोट खेचून न्यायचा. वडील नोट धरायचे, पण अगदी शेवटच्या क्षणी मागे घ्यायचे. दरवर्षी.

पण खरा मान आकाशपाळण्याचा. आणि आकाशपाळण्याची खरी गंमत फिरण्यात नव्हती, थांबण्यात होती. पाळणेवाला माणसं ओळीने भरत नसे. ओळीने भरली तर एक बाजू जड होऊन चाक ओढ घेतं. म्हणून तो गर्दीकडे धान्याच्या व्यापाऱ्यासारखा बघायचा. दोन इकडे, मग चाक अर्धं फिरवून दोन समोर. आमच्या शेजारच्या शेटना एकदा म्हणाला, “तुम्ही थांबा वो जरा, तुमच्या समोरचं माप अजून आलं न्हाई.” शेट वर्षभर हा किस्सा स्वतःच सांगत होते. तर या भरण्याच्या भानगडीत ज्यांना आधी बसवलं ते वर जाऊन लटकत राहायचे. पाच मिनिटं, सात मिनिटं. ती वेळ तिकिटात धरलेली नसे. वरून किल्ल्याची तटबंदी, तलावात मधोमध देऊळ, पाण्यात सगळ्या पाळण्यांचे दिवे उलटे, आणि पलीकडे गिरणीचं धुराडं. पाळणा वाऱ्यावर कुरकुरायचा. धाकटा भाऊ मुद्दाम हलवायचा. त्याला मारायला हात सोडावा लागे आणि हात सोडायची छाती होत नसे, म्हणून तो वाचायचा.

शिकागोच्या १८९३ च्या जत्रेत फेरिस नावाच्या इंजिनिअरने जे पहिलं राक्षसी चाक उभारलं, २६४ फुटांचं, छत्तीस डबे आणि एकेका डब्यात साठ माणसं, त्यातही हीच तऱ्हा होती. पन्नास सेंटला दोन फेऱ्या. पहिली माणसं भरत, सहा ठिकाणी थांबत. दुसरी न थांबता. लोक दुसरीचे पैसे देत असतील. मी पहिलीचे दिले असते. लंडनचं ते मोठं चाक तर बहुतेक थांबतच नाही, हळूहळू फिरत राहतं, माणसांनी चालत्या पाळण्यात चढायचं. सोयीचं असेल. मला नको.

वर लटकल्यावर माझं पहिलं काम असे आक्काला शोधणं. आक्का म्हणजे आमची थोरली आत्या. ती कशातच बसायची नाही. पाळण्याशी आलो की कमरेला पदर खोचून हात पुढे करायची, “काढा चपला. वरनं पडली तर कुणाच्या टाळक्यात बसंल.” आमच्या चौघांच्या चपला, वडिलांचा चष्मा, आईची पर्स, अर्धा खाल्लेला ऊस, सगळं तिच्याकडे. ती कुठे उभी राहील ते ठरलेलं, तिकिटाच्या खोक्यापासून चार पावलं. वरून माणसं म्हणजे नुसती तिळाची रास. त्यातून मोरपंखी इरकल हुडकायचं. सापडलं की ओरडायचं. खाली ऐकू काय येणार, पण ती हात वर करायची. दोन्ही हातांत चपला! आमचा पाळणा खाली येऊन परत वर जाईल तितक्या वेळा. दहा फेऱ्या तर दहा वेळा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई पाळण्याला चपला दाखवतेय.

एकदा मी विचारलं, “आक्का, तू का गं नाही बसत?”

“आणि चपला?” ती म्हणाली.

आम्ही खूप हसलो होतो.

वडील तेव्हाही म्हणायचेच, गड्ड्याची मजा गेली. त्यांच्या लहानपणी चार पाळण्यांचा लाकडी रहाटपाळणा असायचा, एक माणूस हाताने ढकलायचा आणि रंगात आला तर दोन फेऱ्या जास्त द्यायचा. हे इंजिनवाले काय, मिनिटं मोजतात. म्हणजे वडिलांना इंजिन खुपलं, मला होडी, भाच्याला डोळ्यांवरचा खोका. त्याची मुलगी तीन वर्षांची आहे. तिला काय खुपेल कोण जाणे, पण त्या खोक्याची तिला आठवण येईल यावर मी पैज लावायला तयार आहे.

माझी तक्रार मात्र इंजिनाची नाही, कुंपणाची आहे. गड्ड्याला दार नव्हतं. कुणीही यावं, नुसतं बघावं आणि जावं. बघणाऱ्याला तिकीट नाही. भोवती कुंपण घालून दारातच पैसे घ्यायची कल्पना न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८९५ मध्ये निघाली, सी लायन पार्क नावाच्या ठिकाणी. भाच्याने सांगितलं, कारण असली माहिती त्याच्या खिशातच असते. पेन्सिल्व्हेनियात कनोबेल्स म्हणून एक जुनं पार्क आहे, १९२६ चं, तिथे अजून दाराशी पैसे नाहीत. ज्या पाळण्यात बसाल त्याचे पैसे द्या. “म्हणजे गड्डाच की!” मी म्हटलं. तो जरा दुखावला.

पण दुखावला तरी त्या रविवारी मला पार्कात घेऊन गेलाच. कुठलं ते राहू दे. मोठं, स्वच्छ, सगळीकडे गाणी. खिडकीतल्या मुलाला मी म्हटलं, “मी कशात बसणार नाहीये, पाठीचं दुखणं आहे. नुसती बघणार.” तो बिचारा गोड हसला. “मॅडम, तिकीट आत यायचंच आहे.” म्हणजे बघायचेही तेवढेच. दिले.

भाचा ज्या कोस्टरसाठी आला होता त्याला खाली तळच नाही, पाय हवेत. मी सवयीने हात पुढे केला. “आण चपला.”

“लॉकर आहे ना, मावशी,” तो म्हणाला. चपला, मोबाइल, पाकीट, सगळं लॉकरमध्ये गेलं. लॉकरचेही पैसे होते. तो पळाला आणि मी बाकावर बसले, मोकळ्या हातांनी. इतके मोकळे हात घेऊन मी कुठल्याही जत्रेत कधी बसले नव्हते. मांडीवर ठेवले, मग घडी घातली, मग पर्स उगाचच उघडून बंद केली.

गाडी सुटली. डोक्यावरून पन्नासेक उघडे पाय भर्रकन गेले. त्यातले आपले कुठले हे ओळखू यायच्या आत वळणाआड. दुसऱ्यांदा दिसले तेव्हा मी उभी राहिले आणि हात वर केला. रिकामा हात काही बरा दिसेना. तिसऱ्यांदा गाडी येतेय म्हटल्यावर मी पायातली एक चप्पल काढली आणि ती वर धरून हलवली.

गार्ड धावत आला. “मॅडम, काही त्रास होतोय का?”

“नाही,” मी म्हटलं, आणि चप्पल पायात घातली.