उरलेलं पाणी कुठे गेलं?

नववीत असताना, पावसाळ्यात एका दुपारी विज्ञानाच्या सरांनी आमचा अख्खा वर्ग नागपुरातल्या नाग नदीच्या पुलावर नेला. पिशवीभर सुकलेली झेंडूची फुलं सोबत. काठावरच्या दोन खुणांमधलं अंतर आधी पावलांनी मोजलं, मग फुलं टाकून सेकंद मोजले. मधली फुलं सरसर गेली, काठाजवळची रेंगाळली. एक फूल खांबामागे गोल फिरून उलटं आलं. "पोट्टेहो, नुसते पाहू नका, लिहा!" सर ओरडत होते.

आज मी हेच काम करतो: चित्रफितीवरून पाण्याचा, धुराचा, ढगांचा वेग काढतो. कॅमेऱ्याला फुलाचीच गरज नसते. फेस, गाळाचे पट्टे, काडीकचरा एका फ्रेममधून दुसरीत किती सरकला, ते संगणक शोधतो. हॉर्न आणि शुंक या संशोधकांनी १९८१ मध्ये मांडलेलं गृहीतक असं, की सरकताना चित्रातल्या ठिपक्याची उजळी, म्हणजे उजळपणा, बदलत नाही. पण त्यातून प्रत्येक ठिपक्याला समीकरण मिळतं एकच, आणि अज्ञात असतात दोन, आडवा वेग आणि उभा वेग. म्हणून त्यांनी आणखी एक अट जोडली: शेजाऱ्यांचे वेग फारसे वेगळे नसतात. रस्त्यावरच्या बसला ही अट चालते. पाण्यात मात्र ती भोवरे पुसून टाकते, आणि पाण्याचा खरा स्वभाव तर भोवऱ्यातच दिसतो.

माझ्या पहिल्या प्रोग्रामने प्रयोगशाळेतल्या पाण्याच्या पातळ थराचं सुरेख चित्र काढलं होतं. एका जागी मात्र चारी बाजूंनी वेगाचे बाण आत येत होते, बाहेर एकही जात नव्हता. तेव्हा सहामाहीचा पेपर आठवला. टाकी आणि दोन नळांच्या गणितात सरांनी माझ्या उत्तराशेजारी लाल शाईने लिहिलं होतं: "उरलेलं पाणी कुठे गेलं?" मी तीच अट समीकरणात घातली. जितकं पाणी आत, तितकंच बाहेर. शिवाय वेग गुळगुळीत करण्याऐवजी भोवऱ्यांची तीव्रता हळूहळू बदलावी, एवढंच मागितलं. पुसलेले भोवरे परत आले.

नदीवर ही अट सैल ठेवावी लागते, कारण पृष्ठभागावर तळातलं पाणी उसळून वर येतं. कॅमेऱ्याला वरचाच वेग दिसतो. त्याला साधारण ०.८५ ने गुणलं की खोलीभरचा सरासरी वेग मिळतो, आणि पात्राचा आडवा छेद माहीत असेल तर प्रवाहही, म्हणजे सेकंदाला किती पाणी जातं ते. ढगांचं काम याहून अवघड, कारण इन्सॅटसारख्या हवामान उपग्रहाच्या दोन चित्रांमधल्या अर्ध्या तासात ढग वाढतात, विरतात, आणि उजळीचं गृहीतकच मोडतं.

२३ सप्टेंबर २०२३ ला नाग नदीवरचा अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, तेव्हा लोकांनी मोबाइलवर घेतलेले पुराचे व्हिडिओ मी पुन्हापुन्हा पाहिले. तशा लोंढ्यात वेगमापक सोडायला कोण उतरणार? पुलावर घट्ट बसवलेला कॅमेरा आणि काठावरच्या मोजलेल्या चार खुणा असत्या, तर त्या पाण्याचा बराचसा हिशेब लागला असता. ही गोष्ट मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

म्हणून शाळेला एक विनंती आहे. येत्या पावसाळ्यात नववीच्या मुलांना त्याच पुलावर नेऊ या. कॅमेरा आणि तिपाई मी आणतो. फुलं शाळेने आणावीत, कॅमेऱ्याचं उत्तर ताडून पाहायला ती लागतील.