पहिल्याच डावात बाद

राजापूर तालुक्यातली दोन शिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारी म्हणून, मी भेटीला गेले ती ऐन जुलैत. वेळापत्रकात शेवटची तासिका शारीरिक शिक्षणाची. पावसाळ्यात ही तासिका बहुतेक ठिकाणी गणित गिळून टाकतं, पण इथल्या गुरुजींनी ती घेतली, पडवीत. म्हणाले, “मैदानात जांभ्यावर शेवाळ धरलंय मॅडम. पोर घसरलं तर गाव मला सोडायचं नाही.”

खेळ होता डोंगर-पाणी. पायरी म्हणजे डोंगर, पडवी म्हणजे पाणी. चुकला तो बाद, त्याने भिंतीकडेला बसायचं. तिसरीतली एक जरा जाड, संथ मुलगी पहिल्याच डावात बाद झाली आणि भिंतीचे पोपडे नखाने काढत बसली. मी मोबाईलच्या घड्याळात बघत होते. दोन डाव झाले, पस्तीस मिनिटांच्या तासात ती हलली जेमतेम सहा मिनिटं. शेवटपर्यंत टिकला तो चौथीतला एक काटक मुलगा, जो घरी गेल्यावरही गुरांमागे धावणारच होता.

तास सुटल्यावर मी गुरुजींना एवढंच म्हटलं, “ज्याला खेळायची गरज जास्त, तोच आपल्याकडे आधी बसतो.” जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते, हेही सांगितलं. ते हसले. “साठ? चार इयत्ता, दोन माणसं, वर पोषण आहाराची ऑनलाइन माहिती!”

त्यांचं चुकत नव्हतं. जादा तासिका मागणारी सूचना शेरेबुकात लिहिणं सोपं असतं. मी ती लिहिली नाही. चहा घेत आम्ही त्यांचंच वेळापत्रक पुढ्यात ओढलं आणि मुलं कुठे उगीच थांबतात ते शोधलं. परिपाठ सगळा उभ्याने. पाढे जागेवर बसून. खिचडीआधी हात धुवायला एकाच नळावर रांग. मग ठरलं ते असं: परिपाठात प्रार्थनेनंतर दोन-तीन मिनिटं जागेवर उड्या. पडवीत खडूने शंभरपर्यंतची संख्यारेषा, बेरीज-वजाबाकी तिच्यावर लंगडीने. रांगेतल्यांनी एका पायावर तोल सांभाळायचा. आणि बाद झालेल्याने बसायचं नाही, दहा उड्या मारून परत खेळात.

बोलता बोलता कळलं की गुरुजी गणपतीत जाखडी नाचतात. मग काय! पायात चाळ, मध्ये मृदुंग आणि गोल धरून नाचणारी माणसं हे इथल्या मुलांना शिकवावं लागत नाही. वीस मिनिटं जाखडी धरली की भलेभले धापा टाकतात, आणि पडवी तेवढ्याला पुरते. शनिवारचा शेवटचा तास तिच्यासाठी ठेवला. दुसऱ्या बाईंनी विचारलं, “पालक म्हणतील, शाळेत नाच शिकवतात.” मी म्हटलं, पालकांनाच मृदुंग वाजवायला बोलवा.

पुढच्या भेटीत पडवीतला खडू पायांनी पुसट झालेला दिसला. डोंगर-पाणी चालू होतं. तीच मुलगी बाद झाली, तोंड वाकडं करत उड्या मारल्या, परत आत. उड्या दहा नव्हत्या, सातच होत्या. गुरुजींनी बघून न बघितल्यासारखं केलं.

केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, शिक्षण परिषदेत, हे सगळं इतर शाळांपुढे मांडाल का, असं विचारलं तर गुरुजी तयार झाले, एका अटीवर: त्या दिवशी केंद्राकडून कसलीही माहिती “तात्काळ” मागवायची नाही. माझ्या हातातलं तेवढं मी कबूल केलं. वरून आली तर माझाही इलाज नाही, हेही सांगून टाकलं.