४६० डॉलरचा धनादेश

अमेरिकेत परदेशी कर्मचाऱ्यांच्या व्हिसाची कागदपत्रे तयार करणाऱ्या एका लहानशा वकिली कार्यालयात मी पॅरालीगल, म्हणजे वकिलांची सहायक, म्हणून काम करते. आमच्या कामात हुशारीपेक्षा नजर जास्त लागते: अर्जावरचे नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळते का, आणि प्रत्येक शुल्काचा धनादेश वेगळा व बरोबर रकमेचा आहे का, हे पाहण्यातच २०२५ पर्यंत दिवस जायचा. सप्टेंबर २०२५ मधल्या एका प्रकरणात माझी ही नजर दोन दिवस उशिरा पोचली.

प्रकरण पेनसिल्व्हेनियाच्या ग्रामीण भागातील एका ना-नफा रुग्णालयाचे होते. तिथल्या प्रयोगशाळेला रात्रपाळीसाठी तंत्रज्ञ मिळत नव्हते आणि एजन्सीकडून तेरा-तेरा आठवड्यांच्या करारावर माणसे आणून काम भागवावे लागत होते. अखेर फिलिपिन्समधील एका अनुभवी तंत्रज्ञ बाईंची निवड झाली. रुग्णालय विद्यापीठाशी संलग्न असल्यामुळे कुशल परदेशी कर्मचाऱ्यांसाठीच्या एच-१बी व्हिसाच्या वार्षिक मर्यादेतून, म्हणजे ६५,००० आणि अमेरिकी पदव्युत्तर पदवीधरांसाठीच्या आणखी २०,००० जागांच्या लॉटरीतून, त्याला सूट होती. त्यामुळे पिटिशन, म्हणजे मालकाने कर्मचाऱ्यासाठी करायचा अर्ज, वर्षात केव्हाही दाखल करता येणार होते, आणि माझ्या लेखी ते अगदी सरळ प्रकरण होते.

सोमवारी, १५ सप्टेंबरला, रुग्णालयाच्या लेखा विभागाने धनादेशांच्या प्रती ईमेलने पाठवल्या. मी त्या उघडल्या बुधवारी. मुख्य अर्जाच्या धनादेशावर ७८० डॉलर ही सर्वसाधारण रक्कम लिहिली होती. ना-नफा संस्थेसाठी ती ४६० असते. जास्त पैसे भरले तर सरकार ठेवून घेईल आणि काम पुढे जाईल, असे अनेकांना वाटते, पण तसे होत नाही. रक्कम चुकली की पाकीट जसेच्या तसे परत येते. मी दुरुस्त धनादेश मागवला. तो शुक्रवारी दुपारी आला, मी तो पाचशे डॉलरच्या फसवणूक-प्रतिबंधक शुल्काच्या आणि जलद निर्णयासाठीच्या २,८०५ डॉलरच्या धनादेशासोबत वरच्या पानाला लावला, आणि चारच्या सुमारास कुरिअरवाला पाकीट घेऊन गेला. तीन धनादेश, एकूण ३,७६५ डॉलर, सोमवारी पोचण्याची हमी.

त्याच शुक्रवारी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी घोषणापत्रावर सही केली. अमेरिकेबाहेर असलेल्या कर्मचाऱ्यासाठीच्या नव्या एच-१बी पिटिशनसोबत १,००,००० डॉलर भरावे लागतील, आणि हा नियम रविवारी, २१ सप्टेंबरला, पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार रात्री बारा वाजून एक मिनिटाने लागू होईल, असे त्यात म्हटले होते. त्या रात्री आमचे फोन थांबले नाहीत. वाणिज्यमंत्री लुटनिक यांनी हे शुल्क दरवर्षीचे असल्याचे सांगितल्याने गोंधळात भर पडली होती. सुट्टीवर मायदेशी गेलेले लोक मिळेल त्या विमानाने परत यायला निघाले होते. शनिवारी खुलासा झाला: शुल्क एकदाच भरायचे आहे, ते फक्त नव्या पिटिशनना आहे, सध्याच्या व्हिसाधारकांना व नूतनीकरणाला नाही. फोन करणाऱ्या बहुतेकांचा जीव भांड्यात पडला.

माझा पडला नाही. पिटिशन दाखल झाल्याची तारीख ही पाकीट पाठवल्याची नसते, ते सरकारी कार्यालयात पोचल्याची असते. शनिवार-रविवार कार्यालय बंद. माझे पाकीट कुठल्या तरी कुरिअर गोदामात पडून होते आणि सोमवारी सकाळी पोचताच त्याची किंमत साधारण साडेसत्तावीस पट होणार होती. मी त्या प्रती सोमवारीच पाहिल्या असत्या तर पाकीट गुरुवारपर्यंत पोचले असते.

रविवारी सकाळी आमच्या वकीलबाईंनी रुग्णालयाच्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखांना फोन लावला आणि मलाही त्या संभाषणात घेतले. दोन दिवसांच्या उशिराची गोष्ट मी स्वतःच सांगितली. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही, मग त्यांनी एवढेच विचारले, "पाकीट परत बोलावता येईल का?" एक लाख डॉलर ही रक्कम त्या पदाच्या वर्षभराच्या पगारापेक्षा जास्त होती आणि त्यांच्या संचालक मंडळाकडून ती मंजूर होण्याची शक्यता नव्हती. मी कुरिअर कंपनीला पाकीट अडवायला सांगितले.

त्याच संध्याकाळी त्या तंत्रज्ञ बाईंचा ईमेल आला. हे शुल्क माझ्या पगारातून तीन वर्षांत थोडे थोडे कापून घेता येईल का, असे त्यांनी विचारले होते. वकीलबाईंना 'नाही' सांगायला फार वेळ लागला नाही: एच-१बीचा खर्च हा मालकाचा धंद्याचा खर्च मानला जातो आणि तो कापून कर्मचाऱ्याचा पगार ठरलेल्या किमान वेतनाच्या खाली नेता येत नाही. कर्मचाऱ्याला पिळले जाऊ नये म्हणून केलेला हा नियम आहे. तो योग्यच आहे असे मी आजही म्हणेन, पण ते उत्तर टाइप करताना मला तसे म्हणवत नव्हते.

शुल्कवाढीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. माझ्या टेबलावरून जे गेले ते मी पाहिले आहे. लॉटरीची नोंदणी १० डॉलरला होती तेव्हा एकाच माणसाच्या नावाने चार-चार कंपन्या नोंदणी करीत, आणि २०२३ च्या मार्चमध्ये नोंदण्या ७ लाख ८० हजारांवर गेल्या. पुढच्या वर्षी नोंदण्यांऐवजी माणसे मोजून निवड सुरू होताच हा आकडा ४ लाख ८० हजारांपर्यंत उतरला. शुल्काचा उपयोग कायद्याने पूर्वीही केला आहे: १९९८ साली ५०० डॉलरचे शुल्क आले ते अमेरिकी कामगारांच्या प्रशिक्षणासाठी आणि शिष्यवृत्तीसाठी, आणि निम्म्याहून अधिक कर्मचारी अशाच व्हिसांवर ठेवणाऱ्या मोठ्या कंपन्यांवर २०१५ पासून ४,००० डॉलरचा वेगळा भार आहे. त्या शुल्कांमध्ये कोणी किती वापर केला, कोणी गैरवापर केला, याचा काही हिशेब होता. नवे शुल्क विचारते एवढेच की माणूस आज कुठे उभा आहे. ऑक्टोबरच्या २० तारखेला आलेल्या सरकारी मार्गदर्शनाने ते अधिकच स्पष्ट केले: अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर असलेल्याचा दर्जा इथेच बदलून मिळत असेल, तर हे शुल्क नाही. इथल्या विद्यापीठांतून भरती करणाऱ्या बड्या कंपन्यांना त्यामुळे मोठा दिलासा मिळाला, आणि परदेशातून एकच माणूस आणू पाहणारे हे रुग्णालय मात्र कचाट्यात सापडले.

सवलतीची एक वाटही त्या मार्गदर्शनात होती: राष्ट्रहित, योग्य अमेरिकी उमेदवार उपलब्ध नसणे, आणि ही सवलत अत्यंत विरळा दिली जाईल असे स्पष्ट शब्द. आम्ही रिकाम्या पदाच्या जाहिरातींचे दीड वर्षाचे कागद गोळा केले आणि विनंती तयार केली, पण रुग्णालयाने ती पाठवू नका असे कळवले. तोवर त्या बाईंनी दुसऱ्या देशातली नोकरी स्वीकारली होती. यूएस चेंबर ऑफ कॉमर्स या उद्योगांच्या संघटनेने या शुल्काला न्यायालयात आव्हान दिले आहे, हे मी त्या बाईंना ऑक्टोबरात लिहिले होते; २३ डिसेंबरला वॉशिंग्टनच्या न्यायाधीश बेरिल हॉवेल यांनी सरकारच्या बाजूने निकाल दिला, तो कळवायला मात्र कोणी उरले नव्हते.

अडवलेले पाकीट बुधवारी परत आले होते. रुग्णालयाने धनादेश परत मागितले. मी तिन्हींवर 'रद्द' असे लिहिले, प्रती काढल्या आणि मूळ धनादेश पाठवून दिले. आठवड्याभरात लेखा विभागातून एक बाई फोनवर आल्या. हिशेब तपासताना त्यांच्या नोंदवहीत ४६० चा धनादेश होता आणि ७८० चाही, आणि यातला कोणता बरोबर होता ते त्यांना लिहून हवे होते.