सोयाबीनमधला केना उपटून बांधावर टाकू नका

सोयाबीनमध्ये पावसाळी तणं ढीगभर उगवतात. कुंजरू, हजारदाणी, दुधी, रेशीमकाटा, लव्हाळा, जोडीला गाजर गवत. पण विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत शेतकऱ्याचा खरा दम काढतो तो केना. बाकीची बहुतेक तणं डवऱ्याने (ओळींमधून चालवायच्या बैलकोळप्याने) किंवा खुरप्याने जातात, केना तेवढ्याने जात नाही.

ओल्या मातीतून केन्याचं रोप हलक्या हाताने उपटून पाहा. लांबट गोल पानं, देठाशी खोडाला गुंडाळलेलं आवरण आणि त्यावर तांबूस केस. जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेरातून मुळं फुटलेली दिसतात. मातीखाली पांढरट फांद्याही असतात आणि त्यांच्या टोकाला न उमलताच बी धरणाऱ्या बारीक बोंड्या. वर निळी फुलं सकाळी उमलून दुपारपर्यंत कोमेजतात, पण बी वरही धरतं आणि मातीखालीही. खालचं बी जरा खोलवरूनही उगवतं, म्हणून एकाच शेतात केना टप्प्याटप्प्याने येत राहतो.

डवरणी केली आणि दोन दिवसांत पाऊस लागला, तर तुटलेलं प्रत्येक पेर नवं रोप होऊन बसतं. म्हणून डवरा वापशावर, म्हणजे माती भुसभुशीत होण्याइतकीच ओली असताना, आणि उघडीप बघूनच चालवा. पहिली पाळी पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी, दुसरी ३० ते ३५ दिवसांनी, फुलोरा लागायच्या आत. ओळीतला केना डवऱ्याला सापडत नाही, तो हाताने निंदावा लागतो. निंदलेला केना बांधावर मुळीच टाकू नका, तिथल्या ओलीत तो पुन्हा धरतो. टोपल्यात भरून शेताबाहेर न्या. बी धरलं नसेल तर जनावरांना घाला. कोवळ्या पानांची भाजी आणि भजी छान होतात, पण तणनाशक मारलेल्या शेतातला केना खाऊ नका, जनावरांनाही घालू नका.

आता तणनाशक. इथे एक चूक दरवर्षी दिसते. केना गवतासारखा दिसतो म्हणून क्विझालोफॉप इथाइल मारतात आणि औषध बोगस निघालं म्हणतात. हे औषध फक्त गवतवर्गीय तणांवर चालतं. केना गवताच्या कुळातला नाही, त्यामुळे तो तसाच हिरवागार उभा राहतो.

पेरणीनंतर तीन दिवसांच्या आत, पीक उगवायच्या आधी, डायक्लोसुलम ८४ टक्के एकरी १२.४ ग्रॅम फवारा. एकराला २०० लिटर पाणी म्हणजे १५ लिटरचे साधारण १३ पंप. एवढी बारीक मात्रा प्रत्येक पंपाला वेगळी मोजता येत नाही. सगळं औषध १.३ लिटर पाण्यात नीट विरघळवा आणि दर पंपाला हलवून १०० मिली घ्या. जमीन ओली हवी आणि ढेकळं फुटलेली. पट्ट्यासारखा फवारा पडणारा नोझल लावा आणि मागे मागे सरकत फवारा, म्हणजे जमिनीवर बसलेला थर पायाखाली तुटत नाही. खोलवरून येणारा काही केना तरीही निघेल, तो डवरणी-निंदणीनेच काढायचा.

उगवणीनंतर इमाझेथापायर १० टक्के एकरी ४०० मिली, म्हणजे पंपाला साधारण ३० मिली. मात्र केना दोन-तीन पानांचा असतानाच. हा टप्पा पेरणीनंतर १५ ते २० दिवसांत येतो. फांद्या फुटून तो जमिनीवर पसरला की पानं नुसती पिवळी पडतात आणि पंधरवड्यात नवा फुटवा येतो. अशा वेळी मात्रा वाढवली तर सोयाबीनच खुरटतं. फवारणीनंतर किमान दोन तास पाऊस नको. शेजारी कापूस किंवा ज्वारी असेल तर वारा पडल्यावरच पंप उचला, आणि कापसाला वापरायचा पंप या कामाला शक्यतो घेऊच नका.

सप्टेंबरमध्ये पीक पिवळं पडून पानं गळू लागली की ओळींमध्ये ऊन शिरतं आणि राहिलेला केना पुन्हा जोर धरतो. तेव्हा एक दिवस मजूर लावून तो उपटून घ्या, मातीखालच्या पांढऱ्या फांद्यांसकट.