ग्रॅमीची सकाळ

आज, 5 फेब्रुवारी 2024 रोजी, सकाळी साडेसहाला लॉस एंजेलिसहून ग्रॅमीच्या मुख्य सोहळ्याचे प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा आपल्या कलावंतांची पारितोषिके आधीच देऊन झाली होती. बहुतेक विभागांचे निकाल तिथल्या दुपारच्या पूर्वसोहळ्यातच जाहीर होतात आणि झगमगाटाच्या वाट्याला मोजकीच, बहुतांशी पॉप संगीताची, पारितोषिके येतात. ही वाटणी मला आजही पटलेली नाही.

ऑफिसला जाताना पूर्वसोहळ्याच्या चित्रफिती पाहिल्या. 1973 साली गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन आणि झाकीर हुसेन यांनी सहकाऱ्यांसह उभ्या केलेल्या ‘शक्ती’ या बँडला तब्बल 45 वर्षांहून अधिक काळानंतर आलेल्या स्टुडिओ अल्बमसाठी ग्रॅमी मिळाले आणि ते स्वीकारताना आपल्या चेंबूरचे शंकर महादेवन यांनी पत्नीचे आभार मानले, याचे विशेष अप्रूप वाटले. झाकीरभाईंनी तर एकाच दिवशी तीन पारितोषिके पटकावली! त्यांपैकी दोन बॅंजोवादक बेला फ्लेक, डबल बासवादक एडगर मेयर आणि बासरीवादक राकेश चौरसिया यांच्यासोबतची आहेत. संध्याकाळी या चौघांचा अल्बम पुन्हा लावला. बॅंजोच्या तुटक, टणत्कारी स्वरांमधून राकेशजींची बासरी मींड घेत सरकते आणि तबला दोघांनाही मोकळी जागा देतो, हे ऐकताना मुख्य सोहळ्याचा उरलेला भाग पाहायचा राहूनच गेला.