मॅकॉय ६० ला ठिणगी आली

माझ्या जुन्या टेदर कारच्या (केबलला बांधून गोल ट्रॅकवर पळवायची छोटी रेसिंग गाडी) मॅकॉय ६० इंजिनाच्या प्लगवर अखेर ठिणगी पडतेय. निळी, कडक आणि फ्लायव्हीलच्या प्रत्येक फेरीला न चुकता!

‘सरळ ग्लो प्लग लाव,’ असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता. ग्लो प्लग म्हणजे ठिणगीऐवजी तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा प्लग. १९४७ मध्ये रे आर्डेनचा ग्लो प्लग आला आणि टेदर कारवाल्यांनी ठिणगीसाठी लागणारी कॉईल, कंडेन्सर, बॅटरी भराभर उतरवली. वजन वाचलं, कटकट गेली. माझ्या गाडीचंही तेच झालं होतं: वायरी कापलेल्या, बॅटरीची जागा रिकामी. पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, मात्र सुदैवाने शाबूत होते. ठिणगीची वेळ (टायमिंग) हाताने लावण्यातच त्या काळच्या रेसरचं कसब होतं, त्यामुळे हे १० सीसीचं इंजिन स्पार्कवरच चालणार.

आधी पिस्टन सोडवावा लागला. मेथॅनॉल इंधनात मिसळलेलं एरंडेल वर्षानुवर्षं सुकून डिंकासारखं घट्ट झालं होतं. अशा वेळी क्रँकवर जोर लावू नका. गरम हवेने शेकायचं, तेलाचे थेंब सोडायचे, थांबायचं. पिस्टन आपणहून हलतो. बाहेरचा करपलेला थर गरम कूलंटमध्ये भिजवून काढला. (कूलंट विषारी असतं, त्याचं भांडं स्वयंपाकघरात परत नेऊ नका.) इंजिनाचं लाल हेड (सिलिंडरचं झाकण) त्यात घातलं नाही, रंग उडाला तर परत कुठून आणणार?

पॉइंटवर काजळीचा पातळ थर होता. कोरा कागद मध्ये धरून ओढत राहिलो. शेवटची पट्टी स्वच्छ निघाली, तरी ठिणगी पिवळीच. कंडेन्सर गेला होता. नवा बसवला आणि रंग लगेच बदलला.

बॉडी ओतीव अ‍ॅल्युमिनियमची, रंग जागोजागी उडालेला. तो तसाच राहील.

आता केबलचा ब्रॅकेट. इथे घाई नाही. ७० फूट व्यासाच्या ट्रॅकवर, म्हणजे मैलाला २४ फेऱ्या, तीन किलोची गाडी ताशी १६० किमीने फिरली तर केबलवर सुमारे ५७ किलोचा ताण येतो. जुन्या कास्टिंगमध्ये केसाएवढी चीर असली तरी गाडी सुटून माणसांत घुसू शकते. त्यामुळे आधी चिरांत शिरणारा रंग (डाय) लावून चिरा तपासणार, मग मागचे बेव्हल गिअर उघडणार. जुने टायर कडक झालेत, ते फक्त मांडणीपुरते. पळवण्यासाठी नवे ओतून घ्यावे लागतील. त्या मापाचा साचा कुणाकडे असेल तर जरूर कळवा.