त्रिपुरेश्वर ते सूर्यविनायक : तारा उतरवलेला रस्ता

काठमांडूच्या मुक्कामात पशुपतिनाथ, स्वयंभूनाथ आणि बौद्धनाथ ही ठिकाणे मी श्रद्धेने पाहिली, पाटणच्या दरबार चौकात अख्खी सकाळ घालवली आणि नगरकोटला पहाटे उठून गेल्यावरही धुक्यामुळे हिमशिखरांचे दर्शन झाले नाही. या सगळ्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी लिहिणार नाही. घरी परतल्यापासून माझ्या मनात ठाण मांडून बसला आहे तो काठमांडूतील त्रिपुरेश्वर ते भक्तपूरजवळचे सूर्यविनायक हा १३ किलोमीटरचा रस्ता आणि त्या रस्त्यावरून १९७५ ते २००८ या काळात, मध्ये एकदा खंड पडून, धावलेली, डोक्यावरच्या तारांमधून वीज घेणारी ट्रॉलीबस.

भक्तपूरला टॅक्सीने जावे, असा हॉटेलातील सर्वांचा आग्रह होता. परंतु एखादे शहर समजून घ्यायचे असेल तर तिथली माणसे जशी फिरतात तसेच फिरावे, या मतावर मी ठाम आहे आणि त्यापायी आजवर गर्दीही भरपूर सोसली आहे. मैतीघरपर्यंत बस बरीच मोकळी होती. नया बानेश्वर येईपर्यंत मधल्या वाटेत पाऊल टेकवायला जागा उरली नाही. दारात लोंबकळणारा कंडक्टर पत्र्यावर तळहाताने थापा मारून ड्रायव्हरला थांबण्याच्या आणि निघण्याच्या खुणा करत होता आणि एका दमात ‘कोटेश्वर, ठिमी, सल्लाघारी, सूर्यविनायक’ अशी नावे पुकारत होता. तीनकुनेच्या चौकात आम्ही अडकलो. शेजारच्या ट्रकने पुढे सरकण्यासाठी जोर लावला आणि काळ्याकुट्ट धुराचा लोट सरळ आमच्या खिडकीतून आत शिरला. काठमांडूचे खोरे चारही बाजूंनी डोंगरांनी वेढलेले आहे, हिवाळ्यात थंड जड हवा तळाशी बसून राहते आणि धुराला वर जायला वाट मिळत नाही, हे मला ठाऊक होते. तरी ते ठाऊक असणे आणि तो धूर छातीत भरून घेणे यांत फार अंतर आहे. माझ्या पुढच्या बाकावरच्या शाळकरी मुलीने न बोलता, सवयीने, स्वेटरची बाही नाकावर धरली. त्या मुलीच्या सवयीचा मला विलक्षण संताप आला.

शेजारी बसलेले वृद्ध गृहस्थ माझ्याकडे पाहत होते. मी भारतातून आले आहे हे त्यांनी ओळखले होते, म्हणून ते हिंदीत म्हणाले, “बहिनी, याच रस्त्यावर आम्ही विजेवर गाड्या चालवत होतो. धुराचे नाव नव्हते.” ते ट्रॉलीबसच्या आगारात फिटर होते. पुढचा सारा प्रवास आम्ही बोलत राहिलो, आणि ठिमीला त्यांचा थांबा आला तेव्हा “चहा घेतल्याशिवाय भक्तपूरला जायचे नाही,” असे त्यांनी इतक्या आपलेपणाने सांगितले की मीही उतरले. या प्रवासात पैसे मोजून घेतलेले आतिथ्यही मिळाले आणि न मोजता मिळालेलेही. त्यांच्या घरच्या चहाची सर कशालाच आली नाही. त्यांच्या सुनेने कोपऱ्यातील मडकी बाजूला सारून मला बसायला मुढा दिला. ठिमी हे कुंभारांचे गाव असल्यामुळे अंगणात, ओट्यावर, गच्चीवर, जिथे ऊन येईल तिथे कच्ची मडकी वाळत होती.

ट्रॉलीबस म्हणजे काय, हे आपल्याकडच्या तरुण वाचकांना सांगावे लागेल. ट्राम रुळांवरून धावते, म्हणून तिला डोक्यावर एकच तार पुरते. वीज तारेतून येते आणि रुळांतून परत जाते. ट्रॉलीबसला रबरी टायर असतात, त्यामुळे परतीच्या विजेसाठी दुसरी तार लागते आणि गाडीच्या टपावर दोन लांब दांडे असतात. रूळ नसल्यामुळे ती थोडी डावी-उजवीकडे सरकू शकते, रस्त्यात उभ्या असलेल्या गाडीला वळसा घालू शकते, आणि विजेची मोटर जागेवरून निघतानाच पूर्ण जोर लावत असल्यामुळे चढावर ती धापा टाकत नाही. मनोहरा नदीच्या पुलाकडे उतरून पुन्हा लोकंथलीकडे चढणाऱ्या या रस्त्याला असे वाहन शोभणारेच होते.

दाइंनी, म्हणजे त्या फिटरकाकांनी (दाइ म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ; त्यांना तसे म्हणायला मी सुनेकडून शिकले), कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू आणून माझ्या तळहातावर ठेवली. तो कार्बनचा बोटभर लांबीचा काळा ठोकळा होता, वरून खोलगट, सहाणेवर झिजलेल्या चंदनाच्या खोडासारखा. दांड्याच्या टोकाला धातूची खोबण असते, तिच्यात हा ठोकळा बसवतात आणि तो तारेच्या खालून घसरत जातो. तांब्याची तार झिजू नये म्हणून कार्बनने झिजायचे, अशी ती योजना आहे. तार बदलणे महाग असते, ठोकळा बदलणे स्वस्त. पावसाळ्यात ठोकळे लवकर संपत, हिवाळ्यात जास्त टिकत. ठोकळा वेळेवर बदलला नाही तर धातू तारेला घासतो, ठिणग्या उडतात, वळणावर दांडा तारेवरून सुटतो आणि गाडी भर रस्त्यात मुकाट उभी राहते. मग कंडक्टरने उतरायचे, मागे बांधलेला दोर ओढून दांडा खाली आणायचा आणि वर पाहत तो नेमका तारेखाली बसवायचा. हे सांगताना दाइंनी उभे राहून मान मागे टाकली आणि रिकाम्या हातांनी तो दोर ओढून दाखवला. त्यांच्या हातांना सगळे आठवत होते.

“नव्या गाड्या होत्या तेव्हा असे क्वचित व्हायचे,” ते म्हणाले. “पुढे ठोकळेच मिळेनासे झाले. एका गाडीचे सुटे भाग काढायचे आणि दुसरीला बसवायचे. अशाने किती दिवस चालणार?”

ही गाडी रस्त्यावर आली ती १९७५ च्या डिसेंबरात. त्याच वर्षी राजे वीरेंद्र यांचा राज्याभिषेक झाला होता, आणि त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, १९७३ साली, तेलाच्या किमती भडकून साऱ्या जगाला हादरा बसला होता. ज्या देशात तेलाचा थेंब निघत नाही आणि नद्या मात्र हिमालयातून कोसळत येतात, त्या देशाने राजधानीतील बस विजेवर चालवावी यापेक्षा शहाणपणाचा विचार दुसरा कोणता असेल? चीनने मदत म्हणून तारा, खांब, उपकेंद्रे आणि शांघायमध्ये बनवलेल्या २२ गाड्या दिल्या. हा रस्ताही चीनच्याच मदतीने बांधलेल्या अरनिको राजमार्गाचा आरंभीचा तुकडा आहे. तेराव्या शतकात काठमांडूच्या खोऱ्यातून कुब्लाई खानाच्या दरबारी गेलेला आणि तिथे स्तूप व मूर्ती घडवणारा अरनिको हा कलावंत. त्याचे नाव या रस्त्याला दिले आहे.

मुंबईकर म्हणून मला इथे एक गोष्ट टोचली. बेस्टने १९६२ साली गोवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर ट्रॉलीबस सुरू केली होती आणि १९७१ साली ती बंद केली. १९६४ साली ट्रामही गेली होती. म्हणजे मुंबईने विजेवरची रस्त्यावरची वाहने पूर्णपणे सोडून दिल्यावर चार वर्षांनी काठमांडूने त्यांचा स्वीकार केला आणि ती पुढे तीस वर्षांहून अधिक काळ सांभाळली. आम्हाला नऊ वर्षेही धीर धरवला नाही. दाइंना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी लगेच विचारले, “तुमच्याकडच्या कारागिरांना मग कुठे घेतले?” हा प्रश्न मला आजवर एकाही अभ्यासू लेखात वाचायला मिळालेला नाही.

काठमांडूची ट्रॉलीबस एका दिवसात मेली नाही. ती नेपाळ यातायात संस्थान या सरकारी महामंडळाकडे होती, आणि तिथे गाड्यांच्या मानाने माणसे फार, राजकीय वशिल्याच्या नेमणुका फार आणि तिकिटाचा दर जाणूनबुजून कमी, असा सार्वजनिक उपक्रमांना आपल्याकडेही परिचित असलेला मामला झाला. खासगी मिनीबस आणि मायक्रोबस त्याच रस्त्यावर वाढत गेल्या. त्या कुठेही थांबत, कुठेही वळत. तोटा वाढला, विजेचे बिल थकले आणि २००१ च्या अखेरीस सेवा थांबली. दोन वर्षांनी काठमांडू, मध्यपूर ठिमी आणि भक्तपूर या तीन नगरांनी मिळून ती पुन्हा उभी करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा गाड्या त्रिपुरेश्वर ते कोटेश्वर एवढ्या आखूड पट्ट्यावरच धावू शकल्या. ठिमी आणि भक्तपूर या दोन नगरांपर्यंत ट्रॉलीबस परत पोहोचलीच नाही. जो मार्ग लांब पल्ल्यामुळे उपयोगी होता, त्याचाच पल्ला कापल्यावर प्रवासी कुठून येणार? २००८ च्या नोव्हेंबरात शेवटची गाडी आगारात गेली. पुढे जपानच्या मदतीने तीनकुने ते सूर्यविनायक हा रस्ता चौपदरी झाला आणि त्या पट्ट्यावर तारांचे नाव उरले नाही.

ट्रॉलीबस काळाच्या ओघात मागे पडली, असे या विषयावर नेहमी म्हटले जाते. मला ते अजिबात मान्य नाही. त्या काळात काठमांडूमध्ये भारनियमन होते, २००८-०९ च्या हिवाळ्यात तर दिवसाला सोळा तास वीज नसे, हे खरे आहे आणि त्याचा आधार देऊन विजेवरची गाडी अव्यवहार्य ठरवणे सोपे होते. परंतु त्याच शहरात, त्याच भारनियमनाच्या काळात, बॅटरीवर चालणारे सफा टेम्पो धावत होते. १९९९ साली सरकारने धूर ओकणारे डिझेलचे विक्रम टेम्पो खोऱ्यातून हद्दपार केल्यावर त्यांची जागा या तीनचाकी गाड्यांनी घेतली, आणि त्यांतल्या अनेक आजही स्त्रिया चालवतात. शहरात फिरताना मी ज्या सफा टेम्पोत बसले होते, त्याच्या चालक दिदींनी बॅटऱ्या कधी बदलायच्या, कुठून आणायच्या, चार्जिंगला किती वेळ लागतो हे सारे मला तोंडपाठ सांगितले, कारण गाडी बंद पडली तर त्या दिवशीची कमाई त्यांची स्वतःची बुडते. ट्रॉलीबसच्या वाट्याला असा कुणी धनी शेवटच्या वर्षांत उरला नव्हता. दाइंसारखी माणसे होती, पण त्यांच्या हाती ठोकळे मागवण्याचाही अधिकार नव्हता.

आणि मग २०१५ चा सप्टेंबर आला. भारताच्या सीमेवरून येणारे इंधन अडले, आणि पुढचे काही महिने काठमांडूत पेट्रोल, डिझेल आणि स्वयंपाकाचा गॅस यांसाठी रांगा लागल्या. लोक बसच्या टपावर बसून प्रवास करत होते, हे सुनेने सांगितले; चुलीसाठी लाकडे शोधत फिरावे लागले, हेही सांगितले. बोलताना तिने माझ्याविषयी कसलाही आकस दाखवला नाही, मात्र भारतीय म्हणून ते ऐकताना मला जड गेले. ट्रॉलीबस जागेवर असती तर साऱ्या शहराची अडचण सुटली असती असे नाही. पण ठिमीची मुले शाळेत आणि ठिमीची भाजी बाजारात पोहोचली असती. त्यानंतर थोड्याच काळात भारनियमन संपले. २०२१ साली ४५६ मेगावॅटचा अपर तामाकोशी जलविद्युत प्रकल्प सुरू झाला, आणि आता नेपाळ पावसाळ्यात भारताला वीज विकतो. ज्या विजेअभावी ती गाडी अव्यवहार्य ठरवली गेली, ती वीज आता शिल्लक पडते.

भक्तपूरमध्ये पाच मजली न्यातापोल मंदिरासमोर बसून मातीच्या वाटीतील जुजु धौ, म्हणजे इथले प्रसिद्ध गोड दही, खाल्ले. ते उत्तम होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यविनायकाला गेले. ट्रॉलीबसचे शेवटचे स्थानक जिथे होते त्या चौकातून दक्षिणेला झाडीतून चढत गेले की गणपतीचे हे मंदिर येते, आणि खोऱ्यातील चार विनायकांपैकी हा एक असल्यामुळे मराठी यात्रेकरूंनी तो चुकवू नये. टूरच्या गाड्या सहसा तिकडे जात नाहीत, याचे मला वाईट वाटते. पूर्वी काठमांडूतील भाविक ट्रॉलीबसने थेट इथपर्यंत येत, हे मंदिराबाहेर दुर्वा विकणाऱ्या आजींनी मला न विचारता सांगितले.

२०२२ पासून साझा यातायात या सहकारी बससंस्थेच्या विजेवरच्या बसगाड्या काठमांडूत धावू लागल्या आहेत, त्यांचे मी मनापासून स्वागत करते. त्यांना तारा लागत नाहीत. परंतु बॅटऱ्या लागतात, त्या झिजतात, त्या परदेशातूनच येतात. दाइंच्या सांगण्यानुसार, ट्रॉलीबसच्या कारागिरांना या नव्या गाड्यांसाठी कुणी बोलावलेले नाही. काही जण निवृत्त झाले, काही जण आखाती देशांत गेले, काहींनी पंप दुरुस्तीची दुकाने काढली. ज्यांनी तीस वर्षे विजेची मोटर उघडली आणि मिटवली, त्यांच्याकडून नव्या मुलांना चार गोष्टी शिकवून घ्यायला अजूनही वेळ गेलेली नाही. दाइ यायला तयार आहेत. त्यांनी मला तसे दोनदा बजावून सांगितले आणि हे लिहिलेच पाहिजे असेही सांगितले, म्हणून लिहिले आहे.